चूल, छप्पर, पैसा आणि कागद: तीन पिढ्यांच्या घराची मांडणी कशी ठरवावी

एकत्र राहायचे की वेगळे व्हायचे, हा विषय बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी घरांत बहुधा भांडण तोंडावर आल्यावरच निघतो, आणि म्हणून त्याचे उत्तरही रागाच्या भरात दिले जाते. खरे तर हा एक प्रश्न नसून चार प्रश्न आहेत. कोण कोणत्या छपराखाली झोपणार, कोणाची चूल कोणाबरोबर असणार, कोणाचा पैसा कोणत्या डब्यात पडणार, आणि कागदावर नाव कोणाचे राहणार. या चारांची उत्तरे एकच असावीत असे कोठेही लिहिलेले नाही. एका घरात दोन चुली नांदू शकतात, जमीन न वाटता स्वयंपाक वाटता येतो, आणि पुण्यात नोकरी करणारा मुलगा घरात राहत नसला तरी खर्चात भागीदार असू शकतो. बरीच घरे यांपैकी एकाच गोष्टीवरून बिनसतात, पण वाटणी मात्र रागाने चारही गोष्टींची होऊन बसते.

जनगणनेच्या हिशेबात कुटुंब म्हणजे एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे. न्यायालये मात्र वेगळ्या चुलीला आपोआप वाटणी मानत नाहीत. भाऊ वेगळे जेवत असले तरी मिळकत एकत्र असू शकते. हा फरक घरातल्या सर्वांना आधी समजावून द्यावा, कारण थोरल्या सुनेने वेगळी शेगडी मागितली की सासऱ्यांना ती शेताचीच मागणी वाटते.

बैठक कशी घ्यावी

घरातील अठरा वर्षांवरील प्रत्येक व्यक्तीला बैठकीस बसवावे. त्यात सुना आल्या आणि लग्न होऊन गेलेल्या मुलीही आल्या, कारण पुढे कागदाचा प्रश्न निघेल तेव्हा त्यांच्या सह्या लागणार आहेत. गणपतीत, म्हाळाच्या दिवशी किंवा गावच्या लक्ष्मीच्या यात्रेत, घरात पाहुणे असताना, ही बैठक घेऊ नये. सगळे गावी आलेले असतात म्हणून तीच वेळ सोयीची वाटते; पण दिवसभर चुलीपुढे उभ्या राहिलेल्या बाईला रात्री दहा वाजता तुझे म्हणणे काय असे विचारणे म्हणजे न विचारण्यासारखेच आहे.

बैठकीपूर्वी महिनाभर एक साधी नोंद ठेवावी: कोणत्या खोलीत किती रात्री कोण झोपले आणि रोज किती ताटे वाढली गेली. या नोंदीतून पुष्कळ उलगडते. माडीवरची चांगली, हवेशीर खोली बेंगळुरूच्या मुलासाठी वर्षभर कुलूपबंद असते आणि आज्जा-आज्जी मात्र सोप्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांत झोपतात, हे चित्र आमच्या भागातील कितीतरी गावांत दिसते. त्यात कोणाचा दुष्टावा नसतो. खोली एकदा कोणाच्या नावाने ओळखली जाऊ लागली की तिचा पुन्हा विचार होत नाही, इतकेच.

वयाप्रमाणे गरज

विशीतल्या मुलामुलींबद्दल फारसे लिहिण्यासारखे नाही. त्यांना घरात एक कपाट, एक दार लागणारी जागा आणि पगारातील ठरावीक रक्कम घरात देण्याची सवय, एवढे पुरेसे असते. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत नोकरी करणारा मुलगा घरीच जेवतो आणि पगार पूर्ण स्वतःकडे ठेवतो, आणि पुढे लग्नानंतर त्याच्याकडे खर्च मागितला की तो बायकोच्या शिकवणीने बदलला असे म्हटले जाते. हा आरोप टाळायचा असेल तर पहिल्या पगारापासूनच त्याचा वाटा ठरवावा. कामावर जाणाऱ्या अविवाहित मुलीलाही हाच नियम लावावा, आणि ती बाहेरगावी खोली घेऊन राहत असेल तर तिची घरातली जागा मोडू नये.

नवीन लग्न झालेल्या जोडप्याला स्वतंत्र खोली द्यावी, आणि तिला पक्के दार असावे. जुन्या कौलारू घरांत सोपा, माजघर, स्वयंपाकघर आणि मागे परडे अशी एकामागे एक रचना असते, त्यामुळे मधल्या खोलीतून सर्वांची वाट जाते. अशा घरात माजघर जोडप्याला देण्यापेक्षा बाजूने जिना काढून वर एक खोली बांधणे बरे. बेळगावच्या वडगाव, खासबाग, शहापूर भागांत जेथे घरातच माग आहे, तेथे मागाची खोली आधी धरून मगच झोपण्याच्या जागा ठरवाव्यात. तान्हे मूल आणि चालता यंत्रमाग यांच्यामध्ये एकच भिंत असेल तर दोघांपैकी एकाची झोप आणि दुसऱ्याची मजुरी जाते.

चाळिशी-पन्नाशीतली माणसे दोन्हीकडून ओढली जातात, मुलांच्या शिक्षणाचा खर्चही त्यांचाच आणि आईवडिलांच्या औषधांचाही. त्यांची गरज जागेपेक्षा स्पष्ट हिशेबाची असते. तो पुढे येईल.

साठी ओलांडलेल्या, पण धडधाकट माणसांविषयी माझे मत थोडे वेगळे आहे. लष्करातून किंवा सरकारी नोकरीतून पेन्शनवर आलेले कितीतरी लोक आमच्या भागात आहेत आणि हातपाय चालत असेपर्यंत त्यांना आपली चूल आपल्या हातात ठेवणेच आवडते, पण लोक काय म्हणतील म्हणून ते बोलत नाहीत. मुलगा आणि सून वरच्या मजल्यावर, आईवडील खाली, चुली दोन आणि रविवारचे जेवण एकत्र, ही व्यवस्था अपमानाची नाही. फक्त ती केव्हा बदलायची हेही त्याच वेळी ठरवावे: दोघांपैकी एक गेल्यावर, किंवा एकाला रोज हाताला धरून उठवावे लागल्यावर. तो दिवस आल्यावर चर्चा सुरू केली तर फार उशीर झालेला असतो.

ऐंशीच्या पुढच्या माणसाचे अंथरूण शौचालयाच्या जवळ हवे, बाकी सर्व गोष्टी त्यानंतर येतात. आमच्याकडे शौचालय आणि न्हाणी परड्यात असण्याची रीत जुनी आहे, आणि खानापूरच्या पश्चिम भागातला पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांना रात्री दोन वाजता छत्री धरून मागील दारी जाणे म्हणजे काय हे सांगावे लागणार नाही. नवीन खोली, नवीन रंग, नवा टीव्ही यांच्या आधी तळमजल्यावर कमोड, भिंतीला धरण्याचा लोखंडी दांडा, वाटेवर रात्रभर जळणारा लहान दिवा आणि पाय न सरकणारी फरशी यांवर पैसा घालावा.

म्हाताऱ्यांची पाळी लावू नये

दोन-तीन भाऊ असले की आईवडिलांना महिनामहिना किंवा चार-चार महिने पाळीने ठेवण्याची प्रथा आहे. हिशेबाला ती न्याय्य दिसते, परंतु ज्याची पाळी लागते त्याच्या बाजूने पाहिले तर त्याला घरच उरत नाही. औषधांची पिशवी आणि दोन लुगडी घेऊन दर महिन्याला दुसऱ्या दारात उभे राहणाऱ्या बाईचे एकाही घरात स्वतःचे कपाट नसते, आणि तिला कोणता डॉक्टर कोणती गोळी देत होता हेही कोणाला नीट सांगता येत नाही. त्यातही आई एका मुलाकडे आणि वडील दुसऱ्याकडे अशी विभागणी तर कोणत्याही कारणाने करू नये.

त्याऐवजी माणूस एका जागी ठेवावा आणि पाळी सेवेची लावावी. ज्या घरात आईवडील राहतील तेथील सुनेवर रोजचे काम पडते, म्हणून त्या घराचा खर्चाचा वाटा कमी धरावा. बाहेरगावच्या भावाने रोख रक्कम आणि वर्षातील ठरावीक आठवडे द्यावेत. बेळगावातच असलेल्या मुलीने दवाखान्याच्या फेऱ्या घ्याव्यात, जर तिला ते जमत असेल आणि तिला विचारले असेल तर. पुण्याहून बेळगाव सुमारे साडेतीनशे किलोमीटर आहे, रात्री निघालेला माणूस सकाळी पोहोचतो. तेव्हा अर्ध्या रात्री हाक मारायची कोणाला, याचे उत्तर गावातल्याच एखाद्या माणसाचे असले पाहिजे, आणि त्याला ते आधी सांगितलेले असले पाहिजे.

सेवा म्हणजे फक्त सुनेची सेवा, ही समजूतही याच बैठकीत मोडावी. वडिलांना आंघोळ घालणे हे मुलाचे काम आहे.

चूल वेगळी करायची असेल तर

चूल वेगळी करण्याचा दिवस सांगून, सर्वांसमोर ठरवावा. भांडण झाल्याच्या संध्याकाळी नुसती शेगडी उचलून नेली की ती जखम वर्षानुवर्षे राहते. आमच्या घरी चूल वेगळी झाली तेव्हा भांड्यांवरून कोणी काही बोलले नाही, आणि पुढे दीड वर्ष वाद चालला तो विहिरीच्या मोटारीच्या बिलावरून, कारण ती बाब कोणाच्याच लक्षात आली नव्हती. म्हणून सामाईक राहणाऱ्या गोष्टींची यादी लिहावी: पाण्याची मोटार, बोअरवेल, जिन्यावरचा दिवा, घरपट्टी, कौले परतण्याचा खर्च, म्हशीचे दूध, कुलदेवतेचा खर्च. देवघर एकच ठेवणे उत्तम. गणपती थोरल्याच्या घरी बसावा आणि खर्चाचा वाटा सर्वांनी द्यावा, हे बहुतेकांना मान्य होते. गावची लक्ष्मीची यात्रा काही वर्षांनी एकदा येते, पण आली की पाहुण्यांच्या पंगती उठतात, तेव्हा तिच्यासाठी दोन्ही चुलींनी दरमहा थोडी रक्कम बाजूला टाकत राहावे.

गॅसची अडचण येईल असे लोकांना वाटते. स्वयंपाकाच्या गॅसच्या नियमांत कुटुंब म्हणजे पती, पत्नी, अविवाहित मुले आणि अवलंबून असलेले आईवडील, तेही एका स्वयंपाकघरात जेवणारे. म्हणजे त्याच पत्त्यावर स्वतंत्र चूल असलेल्या विवाहित मुलाला वेगळे कनेक्शन मागता येते.

विजेचे गणित मात्र नीट पाहावे. कर्नाटकात २०२३ पासून गृहज्योती योजनेत घरगुती मीटरला आपल्या आधीच्या सरासरी वापरापेक्षा दहा टक्के जास्त, परंतु कमाल २०० युनिटपर्यंत, वीज मोफत मिळते. २०० युनिट ओलांडले की संपूर्ण बिल भरावे लागते. एकाच मीटरवर दोन फ्रिज, दोन गिझर आणि वरचा मजला चालवला तर ही मर्यादा उन्हाळ्यात सहज ओलांडली जाते आणि मग कोणाच्या गिझरमुळे बिल आले यावर वाद होतो. चूल खरोखर वेगळी असेल तर हेस्कॉम या वीज कंपनीकडे दुसऱ्या घरगुती मीटरसाठी अर्ज करावा. मागाच्या विजेचा या योजनेशी संबंध नाही.

रेशनकार्ड आणि दोन हजार रुपये

अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातील अठरा वर्षांवरील सर्वांत वडील स्त्री धरली जाते, आणि कर्नाटकाच्या गृहलक्ष्मी योजनेचे दरमहा २,००० रुपये कार्डावरील याच कुटुंबप्रमुख स्त्रीच्या खात्यात येतात. एका कार्डाला एकच लाभार्थी. त्यामुळे सासू आणि दोन सुना असलेल्या घरात पैसे सासूच्या नावावर येतात आणि घर मात्र तिघी चालवतात. ऑगस्ट २०२३ मध्ये पैसे वाटप सुरू झाले तेव्हापासून हा विषय आमच्याकडे किती घरांत नाजूक झाला आहे, हे सर्वांना ठाऊक आहे.

माझी सूचना अशी की ही रक्कम सासूबाईंचीच मानावी. त्यांच्या आयुष्यात स्वतःच्या नावाने खात्यात आलेला हा कदाचित पहिलाच नियमित पैसा असेल. त्यातून त्यांनी किराणा भरावा अशी अपेक्षा ठेवू नये. त्यांनी आपणहून नातवाची फी भरली तर ती त्यांची खुशी. केवळ दुसरे दोन हजार मिळावेत म्हणून खोटी चूल दाखवून कार्ड फोडणे गैर आहे, आणि पुढे मिळकतीचा वाद निघाला तर तेच कार्ड आम्ही कधीचेच वेगळे आहोत याचा पुरावा म्हणून समोर ठेवले जाऊ शकते. खरेच वेगळे राहत असाल तर अवश्य वेगळे कार्ड करावे. नव्या कार्डांचे अर्ज बारमाही घेतले जात नाहीत, म्हणून अर्ज सुरू झाल्याची बातमी येईल तेव्हा कागद तयार ठेवावेत. कोल्हापूर किंवा पुण्यात स्थायिक झालेल्या मुलाचे नाव दोन्ही राज्यांच्या कार्डांवर असू नये, एकीकडचे कमी करून घ्यावे. तो तात्पुरता गेला असेल तर नाव हलवण्याची गरज नाही, कारण एका राज्याच्या कार्डावर दुसऱ्या राज्यातही धान्य उचलता येते.

हिशेबाची वही

सामाईक खर्चाची वाटणी ताटांवर करावी आणि मोठ्या रकमांची कमाईवर. समजा घरात आज्जी, दोन भाऊ, दोन जावा आणि तीन लहान मुले आहेत, आणि थोरल्याची मुले दोन, धाकट्याचे एक. मोठ्या माणसाचे एक ताट आणि लहान मुलाचे अर्धे धरले तर थोरल्याकडे तीन ताटे, धाकट्याकडे अडीच, आणि आज्जीचे एक दोघांत अर्धे-अर्धे. एकूण साडेसहा ताटे झाली. महिन्याचा सामाईक खर्च १३,००० रुपये असेल तर ताटाला २,००० पडतात, थोरल्याने ७,००० आणि धाकट्याने ६,००० द्यावेत. दवाखाना, कौले, लग्नकार्य हे मात्र ताटांवर वाटू नये. ते ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे, आधी ठरवलेल्या प्रमाणात.

शेती एकत्र असलेल्या घरांत एक घोटाळा नेहमी होतो. उसाची नोंद कारखान्यात ज्या भावाच्या नावाने असते त्याच्याच खात्यात बिल जमा होते, आणि तो ते आपल्या कमाईसारखे वापरू लागतो. बिल जमा झाल्यापासून आठ दिवसांत वहीत नोंद आणि वाटप, असा नियम लिहून ठेवावा. आईवडिलांची पेन्शन त्यांच्याच खात्यात राहावी, एटीएम कार्ड मुलाच्या खिशात नसावे, आणि दर नोव्हेंबरला हयातीचा दाखला देण्यासाठी त्यांना कोण नेणार त्याचे नाव वहीत असावे. ज्यांना पेन्शन नाही आणि वय पासष्टच्या पुढे आहे, त्यांच्यासाठी संध्यासुरक्षा या राज्याच्या वृद्धापकाळ पेन्शन योजनेची चौकशी नाडकचेरीत, म्हणजे होबळीच्या महसूल कार्यालयात, करावी.

कागद कोणत्या भाषेत आहे ते पाहावे

आमच्या भागाची ही खास अडचण आहे. घरात सर्व व्यवहार मराठीत, परंतु वाटणीपत्र, बक्षीसपत्र, हक्कसोडपत्र आणि उतारा कन्नडमध्ये असतो, आणि ज्या माणसाची सही घ्यायची त्याला तो वाचता येत नाही. बाँड रायटरने, म्हणजे दस्त लिहून देणाऱ्याने, मसुदा तयार केला की सही होण्यापूर्वी किमान दोन दिवस तो घरी आणावा, कन्नड वाचणाऱ्या आणि वाटणीत ज्याचा काही स्वार्थ नाही अशा माणसाकडून ओळ न ओळ मराठीत समजून घ्यावा, आणि मराठीतून समजावून सांगितल्याचा उल्लेख दस्तातच घालून घ्यावा. शाळेत कन्नड शिकलेली नात हे काम उत्तम करते, तिला बसवावे. मृत्युपत्र मात्र मराठीत, साध्या कागदावरही करता येते. त्यावर दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी. साक्षीदार शक्यतो मिळकतीत वाटा नसलेले निवडावेत.

राहते घर हयातीतच मुलाच्या नावे बक्षीस करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मृत्युपत्र बदलता येते, नोंदवलेले बक्षीसपत्र सहजासहजी फिरवता येत नाही. काही कारणाने करावेच लागले तर आईवडिलांच्या गरजा भागवण्याची आणि देखभालीची अट दस्तात शब्दांत लिहून घ्यावी, म्हणजे ती मोडल्यास ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ खाली बक्षीसपत्र रद्द करून घेण्याचा आधार पक्का होतो. याच कायद्याखाली साठ वर्षांवरील व्यक्तीला मुलगा, मुलगी किंवा सज्ञान नातवंडे यांच्याकडून निर्वाहखर्च मागता येतो. अर्ज प्रांताधिकाऱ्यांसमोर चालतो, आणि वादी-प्रतिवादींनी स्वतःच बोलावे अशी त्यात योजना आहे. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी असे तीन प्रांत, म्हणजे महसुली उपविभाग, आहेत. अर्जापर्यंत जाण्याआधी १४५६७ या ज्येष्ठ नागरिकांच्या हेल्पलाइनवर सल्ला मिळतो.

सुनेला घराबाहेर काढण्यासाठी हा कायदा वापरता येईल, असा समज मात्र करून घेऊ नये. बेंगळुरूमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये सांगितले की कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याने स्त्रीला मिळणारा निवासाचा हक्क ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याने आपोआप पुसला जात नाही.

मुलींच्या वाट्याबद्दल घरोघरी अर्धवट माहिती असते. कर्नाटकाने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत समान हक्क देणारी दुरुस्ती १९९४ मध्येच केली होती, पण ती त्या वेळी अविवाहित असलेल्या मुलींपुरती होती. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्रीय कायद्याने लग्न झालेल्या मुलीही त्यात आल्या, आणि वडील त्या तारखेला हयात असण्याची गरज नाही हे सर्वोच्च न्यायालयाच्या ऑगस्ट २०२० च्या दुसऱ्या एका निकालाने स्पष्ट झाले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेली वाटणी मात्र मोडत नाही. तेव्हा हक्कसोडपत्रावर बहिणीची सही हवी असेल तर तिला माहेरची साडी नेसवून एका दुपारी नोंदणी कार्यालयात नेण्यापेक्षा, काय सोडत आहेस आणि त्या बदल्यात काय मिळणार आहे, हे बैठकीत सांगावे. नवऱ्यामागे किंवा नवऱ्याला सोडून माहेरी परतलेल्या मुलीची खोली ही मेहेरबानी नाही, हे त्याच वेळी लिहून ठेवावे.

शेताच्या उताऱ्यावर अजून मयत आज्जाचेच नाव असेल तर आधी वंशावळ काढून वारसांची नावे लावून घ्यावीत. पीककर्ज, नुकसानभरपाई आणि पुढची वाटणी या सर्वांची सुरुवात तेथूनच होते. सर्व्हे नंबरचा काही भाग वेगळा करायचा असेल तर नोंदणीपूर्वी अकरा-ई नकाशा, म्हणजे त्या भागाचा सरकारी मोजणीचा नकाशा, लागतो, आणि मोजणीला वेळ जातो, तो धरूनच तारखा ठरवाव्यात.

बैठकीत जे ठरले ते दोन पानांत मराठीत लिहावे, सर्वांच्या सह्या घ्याव्यात आणि प्रत्येक चुलीकडे एक प्रत द्यावी. हा कागद मिळकतीचा दस्त नाही, हे वर स्पष्ट लिहावे. दर पाडव्याला तो पुन्हा वाचावा, आणि मधल्या काळात कोणी जन्मले, गेले, लग्न होऊन आले किंवा अंथरुणाला खिळले असेल तर खोल्यांपासून पुन्हा सुरुवात करावी.